टेबलाला बांधलेली कात्री

मी कापड कापायची एक जुनी कात्री आहे, मित्रांनो. माझ्या साखळीची किल्ली कायम दादांच्या खिशात असायची आणि ती ते सहसा बाहेर काढत नसत. एका सकाळी त्यांनी ती काढली, मला टेबलावरून सोडवलं आणि समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिलं.

“घ्या भाऊजी. ताईंची आठवण म्हणून ठेवा.”

तेव्हा मला कळलं की माझी बाई गेली.

तो माणूस तिचा नवरा. घरांना रंग द्यायचं काम करतो. त्याच्या नखांतला रंग त्या दिवशीही निघालेला नव्हता. त्याने मला दोन्ही हातांत धरलं, जरा वेळ घुटमळला आणि म्हणाला, “आणि दादा, तिच्या संध्याकाळच्या कामाचे पैसे?”

“कसले पैसे?” दादा म्हणाले.

बाई गेली ते दुःख होतंच. पण ज्या शब्दावर ती इतकी वर्षं विसंबून राहिली तो शब्दही त्याच दिवशी गेला. हे सगळं कसं झालं ते आता नीट सांगते.

एका लोहाराने मला घडवलं. त्याने माझी दोन्ही पाती इतक्यांदा उजेडाला धरून पाहिली, की त्याची बायको कंटाळून म्हणाली, “लग्न लावताय का तिचं?” बाईने मला विकत घेतलं तेव्हा तिचं स्वतःचं लग्न व्हायचं होतं. शेजाऱ्यांच्या कपड्यांना काठ घालून तिने पैसे जमवले होते. लग्नानंतर नवरा गमतीने म्हणायचा, “सासरी येताना हिने सवत बरोबर आणली.” मला धार लावायला मात्र तोच घेऊन जायचा, आणि धार लावणाऱ्यासमोर हटून बसायचा.

मग बाई दादांच्या कारखान्यात कामाला लागली. तिथे शर्ट शिवत. लांबच लांब खोली, एका बाजूला शिलाईची मशीनं, दुसऱ्या बाजूला कापायची टेबलं. साध्या कापडाचे थर मशीनवर कापले जात. चौकडीचं कापड मात्र हातानेच कापावं लागे. शिवणीवर चौकडी चौकडीला मिळाली नाही, तर अख्खा शर्ट तिरका दिसतो. ते काम बाईचं आणि माझं होतं. कापणाऱ्याने आपली कात्री आपण आणायची, असा तिथला रिवाज होता.

बाईच्या शेजारच्या टेबलावर बुटकी काम करायची. तिला सगळे बुटकीच म्हणत आणि तीही त्या हाकेला ओ द्यायची. टेबल उंच पडायचं म्हणून ती फळीवर उभी राहून कापायची. “मालक पगार उंची बघून देतात,” ती म्हणायची, “म्हणून मी फळी आणली.” बाई हसायची आणि डब्यातलं अर्धं जेवण तिच्यापुढे सरकवायची. दोघींचं बहिणीबहिणींसारखं होतं.

मालकांना सगळे दादा म्हणत. त्यांना तेच आवडायचं. गिऱ्हाईक आलं की ते बाईच्या टेबलापाशी आणून उभं करत. “आमच्या ताईंचा हात आणि ताईंची कात्री. अशी जोडी कुठे मिळणार नाही.” हे ऐकून माझी पाती अभिमानाने चमकत असतील. स्तुती ऐकली की आपण किती सहज भाळतो, ते मला फार उशिरा कळलं.

एकदा एक कापणारा आपली कात्री घेऊन पलीकडच्या गल्लीतल्या कारखान्यात निघून गेला. तिथे चार पैसे जास्त मिळत होते. दुसऱ्याच दिवशी दादांनी मिस्त्री बोलावला. आमच्या सगळ्या कात्र्यांच्या मुठीला भोक पाडलं, कडी घातली आणि साखळीने टेबलाला बांधून कुलूप लावलं. “चोरीमारी वाढली आहे,” दादा म्हणाले. माझ्या मुठीला भोक पाडताना बुटकीने मला घट्ट धरून ठेवलं होतं. बाईने तोंड फिरवलं होतं.

पुढे त्या गल्लीतल्या कारखान्यातून बाईलाही बोलावणं आलं. तिने दादांकडे मला मागितलं. दादा हसले. “किल्ली आज घरी राहिली, ताई. आणि भावाचं घर सोडून कुठे निघालात?” बाई ओशाळली. किल्ली पुढेही घरीच राहत गेली आणि बाई कारखान्यात राहिली.

संध्याकाळी बेल झाली की सगळ्या बायका घरी निघत. तेवढ्यात दादा चौकडीचं कापड घेऊन येत. “एवढं तेवढं कापून टाका, ताई. याचे पैसे मी वेगळे साठवतो. सुटे दिले की उडून जातात, एकदम देईन.” बाईला ते पटलं. तिला घराच्या पुढच्या खोलीत स्वतःचं टेबल टाकायचं होतं. नवऱ्याने त्या खोलीला कोणता रंग द्यायचा, हेसुद्धा ठरलं होतं. बुटकी कधीकधी विचारायची, “ताई, मागितलेस का पैसे?” बाई म्हणायची, “अगं, भावाकडे कसं मागायचं?”

एका पहाटे बाईच्या छातीत दुखू लागलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग तो साखळी सोडायचा दिवस आला, जो मी आधी सांगितला.

नवरा मला घरी घेऊन आला, बाईच्या एका जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. काही दिवसांनी तो कामगार कार्यालयात गेला. तिथल्या मॅडमनी सांगितलं की बाई नसली तरी तिचा वारस म्हणून त्याला दावा करता येतो. त्याने अर्ज भरला. कामाचं ठिकाण, मालकाचं नाव, काय काम, कधीपासून. जिथे अडलं तिथे विचारलं. एकाच रकान्यापाशी तो बराच वेळ बसून राहिला. तिथे कामगाराचं नाव लिहायचं होतं.

पहिल्या सुनावणीला त्याने मला बरोबर नेलं. त्याला वाटलं, ही कात्री पाहिली की कोणालाही पटेल. त्याने ओढणी उलगडली आणि मला मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

“मॅडम, हिने ती सगळं काम करायची. धार बघा. झिजलेली मूठ बघा.”

समोर दादा बसले होते. ते माझ्याकडे बघून हळूच हसले.

“मी तेच म्हणतोय, मॅडम. कात्री त्यांची स्वतःची. मी दिलेली नाही. स्वतःचं हत्यार आणून मर्जीने काम करणारा माणूस म्हणजे स्वतंत्र कारागीर. दिवसाचं जे काम ठरलं होतं त्याचे पैसे दिलेत. त्यापुढे त्या थांबत असतील, तर ते आपल्या आवडीने. कामगार म्हणून त्यांचा माझ्यावर काही हक्क निघत नाही.”

मित्रांनो, ज्या तोंडाने माझी स्तुती केली होती, त्याच तोंडाने मला बाईच्या विरुद्ध साक्षीला उभं केलं. आणि मला तिथे आणलं होतं तिच्यावर जीव असलेल्या माणसाने.

मग नवरा माझ्या मुठीवर बोट ठेवून म्हणाला, “आणि हे भोक, मॅडम? स्वतःच्या कात्रीला असं भोक कोण पाडून घेतं? हिला टेबलाला साखळीने बांधायचे. आमच्या लेकीचा झगा कापायला तिला शेजारणीची कात्री मागावी लागायची.”

“ताईंनीच पाडून घेतलं असेल,” दादा म्हणाले. “मला काय ठाऊक?”

मॅडमनी मला हातात घेतलं. त्या भोकात त्यांनी पेन्सिलीचं टोक घालून पाहिलं. “हे कोणी पाहिलं आहे का? कोणी सांगेल?”

“बुटकी सांगेल,” नवरा लगेच म्हणाला.

त्याच संध्याकाळी आम्ही बुटकीच्या दारात गेलो. मी पिशवीत होते. बाईला स्मशानात नेलं त्या दिवशी हीच बुटकी नवऱ्याला म्हणाली होती, “काही लागलं तर हाक मारा, भाऊजी.” आता ती दार अर्धंच उघडून उभी राहिली.

“मी काही पाहिलं नाही, भाऊजी.”

“तू तर कात्री धरून ठेवली होतीस. तिने मला सांगितलं होतं.”

“ताई आता नाहीत. मला मात्र उद्या सकाळी कामावर जायचंय. माझ्या पोटावर पाय देऊ नका.”

“तुझ्या पोटात तिच्याच डब्यातलं गेलं ना गं, इतकी वर्षं?”

बुटकीने दार लावून घेतलं. परत येताना रस्त्यात नवरा एकदा थांबला, पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालू लागला.

पुढच्या सुनावणीला बुटकी आली. ती दादांच्या शेजारी बसली होती. बाईचं टेबल आता तिला मिळालं आहे, हे मला तिथेच समजलं. मी मॅडमसमोर पडून होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. “ताई आपल्या मर्जीने थांबायच्या,” ती म्हणाली. “कात्रीला कडी कोणी घातली, ते आठवत नाही.” मॅडमनी ते लिहून घेतलं, वाचून दाखवलं आणि कागद तिच्यासमोर ठेवला.

बुटकीने पेन हातात घेतलं. तेवढ्यात तिची नजर माझ्या मुठीकडे गेली. तिने पेन खाली ठेवलं.

“डोकं दुखतंय. नंतर करते सही.”

दादांनी तिच्याकडे असं पाहिलं, की मीसुद्धा गार झाले.

मित्रांनो, हत्यारं जपून ठेवा. त्यांना गंज चढू देऊ नका. पण त्याहून जास्त जपा ती हत्यारं चालवणाऱ्या माणसांना. कोणी तुम्हाला भाऊ म्हणेल, ताई म्हणेल, तर आनंदाने ओ द्या, पण कामाचे पैसे ज्या त्या वेळी मागून घ्या. माझ्या बाईला मागायची लाज वाटली. ज्याला न देण्याची लाज वाटायला हवी होती, त्याला ती कधीच वाटली नाही.

आता मी कपाटात नाही. पुढच्या खोलीत खिडकीच्या फळीवर असते. खोलीत टेबल नाही. भिंतींना रंग दिलेला नाही. दाव्याचा निकाल लागलेला नाही. बुटकीची जबानी मॅडमच्या टेबलावर पडून आहे आणि तिच्याखाली अजून सही झालेली नाही.