बडनेऱ्याच्या अंधारातली बुढी

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि मी केलेले काम मी कधीही उजेडात पाहिलेले नाही. माझे कामच अंधारात चालते. बडनेरा स्टेशनच्या पलीकडे, रुळांपासून थोड्या अंतरावर टिनाच्या छपराचा एक लहान कारखाना आहे. तिथे मी उभी आहे. माझे खरे नाव कोटिंग मशीन, म्हणजे लेप देणारी मशीन. पण इथले सगळे मला 'बुढी' म्हणतात.

माझा जन्म अकोल्याच्या एका वर्कशॉपात झाला. माझे मोठे रोलर बंद पडलेल्या एका कापड गिरणीतून आणले होते. सांगाडा नवा होता. मला बनवून घेणारे चंद्रभानजी तेव्हा तरुण होते. घरची काळी जमीन, कापसातून सरकी वेगळी काढणारे एक लहानसे जिनिंग, पण नाद फोटोंचा. फोटो छापायचा कागद दूरच्या शहरांतून मागवावा लागे. तो आपण इथेच करावा, असे त्यांनी ठरवले.

माझे काम सांगते. जनावरांच्या हाडांपासून जिलेटीन बनते. ते कोमट पाण्यात विरघळवून त्यात चांदीच्या क्षाराचे अतिशय बारीक कण तयार करतात. या कणांवर प्रकाश पडला की त्यांच्यात डोळ्यांना न दिसणारा बदल होतो, आणि नंतर औषधाच्या पाण्यात तेवढेच कण काळे पडतात. तुमच्या आजोबांच्या जुन्या फोटोत जो काळा कोट दिसतो ना, तो काळेपणा म्हणजे खरी चांदी असते. हे दुधट मिश्रण कागदावर केसापेक्षाही पातळ पसरायचे, पुढच्या थंड पेटीत थिजवायचे, मग कोरड्या हवेत वाळवून गुंडाळायचे. थर कुठे जाड, कुठे पातळ झाला तर सगळा कागद वाया. वऱ्हाडातल्या मे महिन्यात जिलेटीन थिजायलाच तयार नसते. तेव्हा माझ्या थंड पेटीभोवती बर्फाच्या लाद्या रचत.

मला चालवत असत अब्दुल गफ्फार. सगळे त्यांना गफ्फारचाचा म्हणत. रुळांवरून मालगाडी गेली की जमीन थरथरते आणि ओल्या लेपावर बारीक लाटा उठतात. म्हणून चाचा आधी जमिनीवर तळवा टेकवून गाडी दूर गेल्याची खात्री करत. मग माझ्या डाव्या खांबावरच्या एका रिकाम्या बोल्टच्या भोकात अगरबत्ती खोचत, ती पेटवत, 'बिस्मिल्ला' म्हणत आणि बटण दाबत. खोलीत फक्त एक लाल दिवा असे. त्या लाल उजेडात अगरबत्तीचे लाल टोक मिसळून जाई. दुसऱ्या टोकाला पंचफुलाबाई कागद गुंडाळून घेत आणि मापाने कापत.

ती माझी भरभराटीची वर्षे होती. अमरावती, अकोला, बाळापूर, सगळीकडच्या स्टुडिओंत माझा कागद जाई. लग्नाचे फोटो, शाळेचे फोटो, नव्या बैलजोडीसोबत काढलेले फोटो. स्टुडिओवाले म्हणत, "बडनेऱ्याच्या कागदावर चेहरा बोलते."

मग एक काळ असा आला की लग्नाच्या फोटोंची मागणी घटली आणि मोठ्या आकाराच्या कागदाची वाढली. गेलेल्या शेतकऱ्याचा ओळखपत्रावरचा बोटाएवढा चेहरा मोठा करून भिंतीवर लावायचा असे. कापसाची ती वाईट वर्षे होती. ते मोठे कागद पंचफुलाबाईच कापत. एके दिवशी त्यांनी असाच एक कागद स्वतःच्या घरासाठी कापला. त्यांचे पती पुंजाजी गेले होते. लग्नातल्या निगेटिव्हवरून त्यांचा फोटो मोठा करून घेतला. तो कागद माझा होता. मित्रांनो, त्याहून चांगला लेप मी कधी दिला असेल असे मला वाटत नाही.

पुढे मोबाइलमध्ये फोटो निघू लागले. स्टुडिओंनी फोटो धुण्याच्या काळ्या खोल्या मोडल्या आणि माझा कारखाना बंद झाला. माझ्यावर सरकीची पोती रचली गेली. चिमण्यांनी वाळवणीच्या पेटीत घरटी केली. गफ्फारचाचा राखणदार म्हणून येत राहिले. पंचफुलाबाई जवळच्या डाळ मिलमध्ये कामाला लागल्या. बाळापूरचा एक भंगारवाला दोनदा येऊन, बोटाने मला ठोकून, आवाज ऐकून गेला.

पण माझी गोष्ट तिथे संपली नाही. गफ्फारचाचांची नात, म्हणजे त्यांच्या मुलीची मुलगी लुबना, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. एक दिवस ती आजोबांसोबत आली आणि तिने माझ्यावरचे पोते ओढले.

"नाना, हे चालते?"

"चालत होती," चाचा म्हणाले. "आता आराम करून रायली."

पंचफुलाबाई चाचांना भेटायला आल्या होत्या. त्या हसल्या. "आराम त तुमी करून रायले, चाचा. बुढी त उभीच हाये."

बोलता बोलता पंचफुलाबाईंनी सांगितले की पुंजाजींचे जुने फोटो मोबाइलमध्ये उतरवून ठेवले होते, ते सगळे मोबाइल बिघडला तेव्हाच गेले. "लग्नातली निगेटिव्ह मात्र हाये. चहाच्या डब्यात ठेवली."

लुबनाने ती निगेटिव्ह मागवली. तीस वर्षांपूर्वीची फिल्म तिने खिडकीशी धरली. मुंडावळ्यांतला एकेक मणी मोजता येत होता. तिने ती उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "नाना, कागद नाई. आपण फिल्म करू."

तिने चौकशी केली. मोठ्या शहरांत काही तरुण पुन्हा फिल्मचे कॅमेरे वापरू लागले होते आणि फिल्म परदेशातून येत होती. चंद्रभानजी आता म्हातारे झाले होते. त्यांना तिने सांगितले, की फिल्मची पारदर्शक पट्टी ज्यापासून बनते, तो माल सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंपासून मिळतो.

"म्हंजे कापूसच?" चंद्रभानजी खुर्चीतून पुढे सरकले. "आमच्या जिनिंगमधून जाते थोच?"

"थोच, काका."

चंद्रभानजींनी कोऱ्या पट्टीचे दोन रोल मागवले. पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली. "लुबना, यात जमलं त ठीक. नाई जमलं त बाळापूरवाला टरक घेऊन येते. कारखान्याची जागा मले मोकळी करा लागते."

तेव्हापासून त्या पोरीने मला वेगळ्याच नजरेने पाहिले. तिने माझा प्रत्येक रोलर पुसला, त्याची जाडी वेगवेगळ्या जागी मोजली. घरटी रिकामी होईपर्यंत वाळवणीच्या पेटीला हात लावला नाही. चाचांनी बेअरिंगला तेल दिले. पंचफुलाबाई सुटीच्या दिवशी येऊ लागल्या. इतक्या प्रेमाने मला कोणी खोलले नव्हते आणि इतक्या काळजीने जोडलेही नव्हते.

नव्या फिल्ममध्ये एक मोठा फरक होता. चांदीच्या साध्या क्षाराला निळा प्रकाश दिसतो, लाल दिसत नाही. म्हणून कागदाच्या दिवसांत लाल दिवा चालत असे. पण फिल्मवरचा फोटो काळा-पांढराच असला, तरी तिला सगळे रंग कळले पाहिजेत, म्हणजे प्रत्येकाची छटा वेगळी उमटते. त्यासाठी लुबनाने मिश्रणात एक खास रंगद्रव्य घातले. तिने सर्वांना बजावले, "आता लाल दिवा बंद. मोबाइल बाहेर. चमकणारं घड्याळ बाहेर. पूर्ण अंधार."

"मंग मले दिसन कसं?" पंचफुलाबाईंनी विचारले.

"हातानं, मावशी."

"हे चांगलं हाये. शिकली-सवरली पोरगी, अन् कामाले लावते आंधळ्यावानी!"

पहिला रोल लावला. लुबना पलीकडच्या खोलीत मिश्रण सांभाळत होती. तिथून ते नळीने माझ्याकडे येई. पंचफुलाबाई शेवटच्या टोकाला, पेट्यांच्या मागे. चाचा माझ्यापाशी. मालगाडी गेली. बटण दाबले गेले आणि इतक्या वर्षांनी माझे रोलर फिरले. लेप असा समान बसला, की मला स्वतःचाच अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी लुबनाने तुकडे औषधातून काढले. तिचा चेहरा उतरला. फिल्मची एक कड काळवंडली होती. कुठूनतरी प्रकाश लागला होता.

चाचांनी छपरावर चढून खिळ्यांची सगळी भोके डांबराने बुजवली. चंद्रभानजींना औषधाचा संशय आला. "पोरी, तुह्या हिशोबातच चूक हाये," ते म्हणाले आणि निघून गेले. जाताना बाळापूरला फोन लावल्याचे सगळ्यांनी ऐकले.

लुबना मात्र ते तुकडे माझ्या शेजारी जमिनीवर क्रमाने पसरून बसली. औषध बिघडले असते तर सगळी रुंदी काळी झाली असती. छपराला भोक असते तर रोलच्या शेवटापर्यंत डाग राहिला असता. हा डाग फक्त डाव्या कडेला होता, सुरुवातीपासून एकसारखा चालला होता आणि मग एकदम थांबला होता. ती स्वतःशीच पुटपुटली, "काईतरी जळत होतं. मंग विझलं."

तिने मान वर केली. माझ्या डाव्या खांबावरच्या भोकात एक जळकी काडी होती. खाली, माझ्या लोखंडावर, पांढऱ्या राखेची बारीक रेघ. तिने त्या रेघेवर बोट टेकवले आणि नाकाशी नेले. त्या वासाकडे तिचे कधी लक्ष गेले नव्हते, कारण तिच्या आजोबांच्या अंगालाच तो वास येई.

"नाना," तिने हळूच हाक मारली.

चाचा आले. तिच्या बोटावरची राख त्यांनी पाहिली आणि त्यांना सगळे कळले.

"इतकी वर्षं लावली," ते म्हणाले. "कधी काई झालं नाई."

"तेव्हा कागदाले लाल दिसत नव्हतं, नाना. म्या जे रंगद्रव्य टाकलं, त्यानं फिल्मले दिसते. म्या घड्याळ सांगितलं, मोबाइल सांगितला. हे सांगाचं म्याच इसरली."

चाचा माझ्या खांबाला धरून उभे राहिले. "अन् न लावता चालू केली, अन् काई झालं तर? शेवटचा रोल हाये, बेटा. माहा हातच नाई जाणार बटणावर."

पंचफुलाबाईंनी पदर खोचला. "चाचा, बुढी तुमच्या अगरबत्तीवर चालते का तुमच्या हातावर? मले त आजपावतर हातच दिसला."

चाचांनी अगरबत्तीचा पुडा उचलला. मग ते दाराबाहेर गेले. फाटकापाशी, कडुनिंबाखाली, त्यांनी अगरबत्ती लावली. ती पूर्ण जळेपर्यंत तिथेच बसले. मग आत आले आणि मागे दोन्ही दारे लावून घेतली.

शेवटचा रोल. पूर्ण अंधार. मालगाडी आली आणि गेली. चाचांनी माझ्या डाव्या खांबावरच्या त्या रिकाम्या भोकावर अंगठा ठेवला. 'बिस्मिल्ला' म्हणून त्यांनी बटण दाबले.

औषधातून निघालेला पहिला तुकडा लुबनाने उजेडात धरला. दोन्ही कडा काचेसारख्या स्वच्छ होत्या. चंद्रभानजींनी चष्मा लावून तो दोनदा पाहिला आणि तिथूनच फोन केला. "टरक नको पाठवू गा. बुढी कामाले लागली."

त्या फिल्मवर पहिला फोटो पंचफुलाबाईंचा निघाला. पुंजाजी गेल्यावरही त्यांनी न सोडलेले लाल कुंकू कपाळावर आहे. तो फोटो मी पाहिला नाही, पण लुबनाने सांगितले, की लाल न दिसणाऱ्या फिल्मवर येते तसे ते काळा ठिपका होऊन आले नाही. त्याची करडी छटा नेमकी उमटली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी जुनी वस्तू पोत्याखाली उभी असेल. भंगारवाल्याने तिला ठोकून पाहण्याआधी तुम्ही एकदा पोते ओढा आणि विचारा, 'हे चालते?' कोणती सवय जपायची आणि कोणती दाराबाहेर न्यायची, तेही तिच्यापाशी बसून, तिचे काम समजून घेऊनच ठरवा. आणि घरात निगेटिव्ह असतील तर त्या ओलीत टाकू नका. त्यांत चांदी आहे, आणि माणसे आहेत.

माझ्या खोलीत आता ठिणगीसुद्धा येत नाही. पण मालगाडी दूर गेली, की अंधारात अगरबत्तीचा मंद वास माझ्याजवळ येतो. तो चाचांच्या सदऱ्याला लागलेला असतो. मग मी फिरायला तयार होते.