डावा हात वर करा

"पाढे पाठ झाले का गं?" लेकीची वेणी घालता घालता बाईंनी विचारलं. लेकीने नुसता डावा हात वर केला.

बाईंचा कंगवा केसांतच अडकला. "हे कुठे शिकलीस?"

"आता आमच्या वर्गातपण आलंय. साहेब तपासणीला आले की सगळ्यांनी हात वर करायचे. येत असेल त्यांनी उजवा, नसेल त्यांनी डावा. तुझ्या चौथीत तर आधीपासून आहे ना?"

"आणि ज्यांना येत नाही त्यांनी पुढे काय करायचं?"

"काही नाही. डावा हात वर ठेवायचा."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण राग काढणार कुणावर? ही युक्ती त्यांच्याच वर्गातून पसरली होती. त्यांनी वेणी करकचून ओढली आणि पोरगी कळवळली.

"सकाळी सकाळी तिच्यावर का उगीच?" छापखान्यात जायला निघालेला नवरा दारातून म्हणाला. "पूर्वी शाळेतून आलीस की वर्गाच्या इतक्या गोष्टी सांगायचीस की आमचे कान किटायचे. हल्ली पिशवी आपटतेस. भांडं पडलं तरी अंगावर धावून येतेस."

"काम वाढलंय," बाई म्हणाल्या. ते खोटं होतं. पूर्वी काम याहून जास्त होतं आणि डोकंही दुखत नसे. पोटापुरता पगार तेव्हाही मिळत होता, आजही मिळतो. ज्यासाठी हातात खडू धरला ते काम मात्र राहिलं नव्हतं. अशा नोकरीत माणूस थकत नाही, आंबतो. ते आंबलेपण घरच्यांच्या ताटात पडतं, याची नोंद कुठली तपासणी घेते?

त्याच दिवशी साहेब यायचे होते. हेडसरांनी बाईंना व्हरांड्यातच गाठलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. आजचा दिवस निभावून न्या."

"सर, महिनाभर नुसती हात वर करायची तालीम घेतली. भागाकार शिकवायचा राहिला."

"साहेब भागाकार बघत नाहीत, हात बघतात. काही गडबड झाली तर वर्ग तुमच्याकडे राहणार नाही, सांगून ठेवतो. कचेरीत बसून कागद लावावे लागतील."

साहेब आले, खुर्चीत टेकले, घड्याळाकडे बघितलं. हेडसर वर्गाच्या मागे उभे राहिले. "चारशे आठ भागिले चार. कोण सांगेल?"

सगळा वर्ग हातांनी भरून गेला. साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीचा डावा हात ताठ वर होता. एका जागी पाय ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. गेल्या वर्षी बाईंच्याच तिसरीत असताना 'का' विचारून विचारून त्यांना सळो की पळो करून सोडणारी ही पोर यंदा मुकाट बसायला शिकली होती. बाईंना सकाळची वेणी आठवली.

"भिंगरे, तू सांग."

भिंगरीने मागे वळून बघितलं. मग घाबरून कुजबुजली, पण ती कुजबूज साऱ्या वर्गाला ऐकू गेली. "बाई, माझा डावा आहे."

"माहीत आहे. ये फळ्याजवळ."

तिने फळ्यावर बारा लिहिले. हेडसर जोरात खोकले.

"साहेब, चूक तिची नाही," बाई म्हणाल्या. "मी शिकवलंच नाही. येणारे उजवा हात वर करतात, न येणारे डावा. महिनाभर मी मुलांना फसवायला शिकवलं."

साहेब चक्क हसले. "अहो बाई, बसा. ते मलाही ठाऊक आहे. मी मास्तर होतो तेव्हा हेच करायचो, आणि माझ्या साहेबांनाही ते ठाऊक होतं. एवढं मनाला लावून घेऊ नका." 'समाधानकारक' असा शेरा मारून ते चहाला गेले.

बाई खिळल्यासारख्या उभ्या राहिल्या. म्हणजे फसत कुणीच नव्हतं! वरपासून खालपर्यंत सगळ्यांना सगळं माहीत होतं, आणि तरीही हा खेळ चालू होता. बुडत होती ती फक्त मुलं. वाचकहो, आपल्या मुलाचा वर केलेला हात बघून समाधान मानणारे आपण तरी यात निराळे आहोत का?

भिंगरी अजून फळ्यापाशीच होती. "बाई, पण बारा का नाही? चार एके चार, चार दुणे आठ. बरोबर तर आहे!"

वर्षभरात तिने विचारलेला हा पहिला प्रश्न होता. तेवढ्यात हेडसर दारात आले, लालबुंद होऊन. "बाई, कचेरीत या. आत्ताच्या आत्ता!"

"तास संपला की येते, सर."

"हा वर्ग उद्यापासून तुमचा नाही!"

"आज आहे ना?" बाईंनी खडू उचलला आणि भिंगरीकडे वळल्या. "हं. चारशे आठमध्ये दशकाच्या घरात किती आहेत?"

"काहीच नाही. शून्य."

"मग उत्तरातही तसं लिहायचं. लपवायचं नाही."