विरूपाक्ष गुरुजींची गिटार

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. कलकत्त्याच्या कारखान्यात घडले आणि आगगाडीने उदगीरला आले. तिथल्या शाळेतल्या विरूपाक्ष गुरुजींनी मला विकत घेतले. गुरुजी स्वतः गाणी रचत, शेतावरच्या चाली लावत आणि खड्या आवाजात गात. त्यांच्या पत्नी केवळाबाई समोर बसून ऐकत.

त्र्याण्णव साली केवळाबाई गणपतीसाठी किल्लारीजवळच्या माहेरी गेल्या होत्या. भूकंपात ते घर कोसळले. गुरुजी तिकडे धावले आणि एकटेच परतले. वर्षभर त्यांनी मला हात लावला नाही. पुढे लातूरला बदली झाली, तेव्हा मात्र मला सोबत नेले.

लातुरात त्यांनी एक खोली भाड्याने घेतली. बघता बघता आजूबाजूच्या सगळ्या खोल्यांत शिकवणीची मुले राहायला आली. घरमालकीण सौदामिनीबाई एकदा दारात येऊन संकोचाने म्हणाल्या, "गुरुजी, लेकरं अभ्यास करून राहिलीत. जरा हळू गाता का?"

त्या दिवसापासून गुरुजी कुजबुजल्यासारखे गाऊ लागले. गाण्यातले शब्द कमी झाले. माझी एखादीच तार छेडून ते तिचा नाद विरेपर्यंत ऐकत.

सौदामिनीबाईंचा भाचा अंबरीश नांदेडला ध्वनिमुद्रण करी. त्याने या गाण्यांची सीडी काढली. भारी स्पीकर बाळगणाऱ्या शौकिनांत तिचा बोलबाला झाला. गुरुजींचा श्वास ऐकू येतो, तारेवरून सरकणारे बोट कळते, अशी पत्रे आली. इतके हळू गायला कुठे शिकलात, असे एकाने विचारले. गुरुजींनी उत्तर लिहायला घेतले आणि फाडून टाकले. पत्रे येत राहिली, माणूस कुणी आला नाही.

अंबरीश पुन्हा यंत्रे घेऊन आला, तेव्हा गुरुजी फार थकले होते. ते म्हणाले, "अंबरीशराव, आज मशीन बंद ठेवा. नुसतं समोर बसा. केवळा गेल्यापासून समोर कुणी बसलंच न्हाई."

अंबरीश बसला. त्या दुपारी गुरुजी पुन्हा खड्या आवाजात गायले. माझे लाकूड थरथरले. सौदामिनीबाई आल्या, पण थांबा म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यापाशीच खाली बसल्या.

त्या गाण्याची सीडी नाही. गुरुजी त्याच हिवाळ्यात गेले.

आता मी अंबरीशच्या काचेच्या कपाटात आहे. पाहुणे मला वाखाणतात, पण बाहेर कुणी काढत नाही. तारा गंजल्या आहेत. मित्रांनो, घरातली वाद्ये अशी ठेवू नका; ती वाजवा. आणि गाणारा माणूस हयात आहे तोवर त्याच्यासमोर जाऊन बसा.