ठसा धरणारा हात

द्रौपदीबाईंनी ताट ठेवायला टेबलावरचे कागद एका हाताने बाजूला सारले, तेव्हा त्यातला एक फोटो खाली पडला. मेथी झाली होती, भाकऱ्या झाल्या होत्या. सुनेला घास खायला सवड मिळेल तर ना. दुपारचे तीन वाजत होते आणि ड्युसेलडॉर्फचं नोव्हेंबरातलं आभाळ विझलेल्या चुलीसारखं आत्ताच काळं पडलं होतं.

फोटो हाडांचा होता. काळ्या कापडावर मांडलेला माणसाचा डावा पंजा.

“जेवायच्या जागी मढी मांडती का गं?”

“सॉरी आई. पाच वाजेपर्यंत मजकूर छापायला द्यायचाय,” लॅपटॉपवरची नजर न काढता प्राची म्हणाली.

तिच्या म्युझियममध्ये रोमन नाण्यांचं प्रदर्शन भरणार होतं. ऱ्हाईनकाठच्या एका टांकसाळीच्या अवशेषांशेजारी हा सांगाडा सापडला होता आणि त्याच्याखालची पाटी लिहिण्याचं काम प्राचीकडे आलं होतं. पाटीवर तिचं नाव येणार होतं. पहिल्यांदाच.

“काय लिहिलंयस?”

प्राचीने जर्मन मजकूर मराठीत करून वाचला. “टांकसाळीतला गुलाम. अंगठा आणि दोन बोटं वेगवेगळ्या वेळी मोडून पुन्हा जुळलेली. मालकाने दिलेल्या शिक्षेच्या खुणा.”

द्रौपदीबाई फोटो घेऊन खिडकीशी गेल्या. त्यांचा डावा हात नेहमीसारखा स्वेटरच्या खिशात होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तो हात पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यात सापडला होता, आणि त्यावर कोणी बोलायचं नसतं. लग्न ठरताना प्राचीच्या आईने, पुण्याच्या मुख्याध्यापिकेने, सहज विचारलं तेव्हाही त्यांनी गिरणीच सांगितली होती. वर, “तुमच्या मुलीला दळण आणावं लागणार नाही,” असंही ऐकवलं होतं.

“शिक्षा न्हाई ही,” त्या म्हणाल्या.

“आमच्या प्रोफेसरांनाही शिक्षाच वाटते, आई.”

“तुझ्या प्रोफेसरानं कधी पहार धरलीय का? नाणं कसं पाडायचे ते सांग मला.”

प्राचीने घड्याळ पाहिलं. “आल्झो, म्हणजे बघा, खालचा ठसा लाकडी ठोकळ्यात पक्का बसवलेला. त्यावर चांदीची चकती. एक गुलाम वरचा ठसा हातात उभा धरायचा, दुसरा त्यावर हातोडा मारायचा. दिवसभर तेच.”

“मग झालं की. मालकाला मारायचंच असलं तर तो पाठीवर मारील. कामाचे हात मोडून काम कोण करील, त्याची बायको?”

त्या परत टेबलाशी आल्या. फोटो ठेवला आणि खिशातून हात काढून त्याच्याशेजारी ठेवला. अंगठा आतल्या बाजूला वळलेला. पहिलं बोट मधल्या पेरात चपटं. तिसरं नखाशिवाय.

प्राचीचा एक हात की-बोर्डवरच राहिला.

त्यांचा मुलगा राजानंद आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत होता. पाण्याची बाटली घ्यायला आला तो दारातच थांबला.

“आई, ते गिरणीत झालं होतं ना?”

“गावात गिरणी तू जन्मल्यावर आली.”

द्रौपदीबाई खुर्चीवर बसल्या.

“दुष्काळात आमच्या अख्ख्या घराला दगडाच्या खाणीवर नेऊन ठेवलं व्हतं. झोपडीला बाहेरून कडी. सुरुंगाचं भोक पाडायला एकानं पहार धरायची, दुसऱ्यानं घण घालायचा. घाव बसला की पहार जराशी फिरवायची, पुन्हा धरायची. म्या चौदा वर्षांची. सकाळी घाव बरोबर पडतो. दुपारनं मारणाऱ्याचे डोळे मिटाया लागतात. त्याचा काय दोष?”

“घण कोण मारत होतं?” प्राचीने विचारलं.

द्रौपदीबाईंनी टेबलावर सांडलेला भाकरीचा एक कण बोटाने टिपला.

“दादा.”

राजानंद बाटली न घेताच टेबलाशी आला. मामाचे फोन त्याने दोन वर्षं उचलले नव्हते. मामा म्हणजे दारू. बहिणीच्या घरी आला तरी उंबऱ्यापाशीच बसणारा, तिच्या हातून पाणीसुद्धा न घेणारा माणूस. लहानपणी राजानंदला त्याची भीती वाटायची, मोठेपणी लाज वाटायला लागली.

“तिसऱ्या टायमाला लागलं तवा त्यानं घण फेकून दिला,” द्रौपदीबाई म्हणाल्या. “मुकादमानं उचलला न् परत त्याच्या हातात दिला.”

“मग पहार कोणी धरली?”

“म्याच. दुसरं कोण व्हतं?”

“उजव्या हाताने?”

शिकल्यासवरल्या माणसांकडे त्या एरवी पाहायच्या तसं त्यांनी सुनेकडे पाहिलं.

“उजवा जेवायला लागतो.”

प्राचीने लॅपटॉप जवळ ओढला. शिक्षेचं वाक्य खोडलं. त्या जागी लिहिलं, ‘ठसा धरणारा हात.’

“मारणाऱ्याचंही लिही त्याच्यात,” हात खिशात घालत द्रौपदीबाई म्हणाल्या. “तो मालक नव्हता म्हून. न्हाईतर लोकं त्यालाच नावं ठेवतील.”

राजानंद खिडकीकडे तोंड करून फोनमध्ये मामाचा नंबर शोधत होता. भारतात साडेसात वाजून गेले होते. या वेळी मामा शुद्धीवर असतो की नाही, हे त्याला माहीत नव्हतं.