सोनूआत्याची पाठ

सोनूआत्याच्या पाठीचा जाहीर सत्कार झाला. शाल, गुच्छ, टाळ्या, सगळं रीतसर. पण तूर्तास तो झालाच नाही असं धरा. कारण बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळपर्यंत निम्म्या गावाच्या मते त्या सिनेमात आत्याची पाठ नव्हतीच.

सोनूआत्या माझ्या वडिलांची आत्या, म्हणून अख्ख्या बौद्धवाड्याची आत्या. पन्नासेक वर्षांमागे आमच्या खर्डीकडच्या शेतात शूटिंग आलं होतं. नायिकेने भाताची आवणी करायची, असा सीन. नायिका चिखलात उतरली, तिला खेकडा दिसला, आणि ती बांधावर चढली ती उतरलीच नाही. मग डुप्लिकेट म्हणून आत्याला उभं केलं. म्हणजे वाकवलं. सिनेमात नायिका पाठमोरी रोपं लावते, ती पाठ आत्याची. नायिकेने पुढे सिनेमे सोडले, लग्न केलं, परदेशी गेली. पाठ मात्र अजून गावात आहे.

आत्याची एकच हौस राहिली होती. डोळे मिटायच्या आत कुणीतरी माईकवरून आपल्याला ‘कलाकार’ म्हणावं. मी मंडळाचा सचिव. मोबाइलवर तो सिनेमा सापडला तेव्हा मी लगेच ठरवलं, समाजमंदिराच्या भिंतीवर सिनेमा आणि त्यानंतर सत्कार.

शहापूरहून फ्लेक्सवाल्याचा फोन आला.

“भूषणभाऊ, फोटो उलटा आलाय. बाईची पाठ दिसते.”

“पाठच हवीय.”

“मग तोंड?”

“तोंडाला सिनेमात काम नव्हतं.”

त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला, “बरं, खाली शुभेच्छुक कोण टाकू?”

पौर्णिमेला आत्या इस्त्रीचं पांढरं पातळ नेसून पहिल्या खुर्चीत बसली. भिंतीवर शेत आलं, चिखल आला, आणि हिरव्या लुगड्यातली एक पाठ आली. पाठीवर लाल कापडाचं तिकोनी ठिगळ. पोरांनी शिट्ट्या मारल्या. आपल्याच पाठीकडे आत्या अशी बघत होती, जशी आई पोराचा निकाल बघते.

मी माईक घेतला तेवढ्यात डोंगराकडच्या पाड्यावरचा जैतू उठला. त्याच्या काखेत गोधडी होती.

“थांब रे भूषण. ही पाठ आमच्या आजीची हाय. धोंडीबाईची. पाड्यावर लहान पोराला इचार.”

“कशावरून?”

त्याने गोधडी भिंतीला लावली. मधोमध तेच हिरवं लुगडं शिवलेलं, तेच लाल तिकोनी ठिगळ. सिनेमा थांबवून लोकांनी ठिगळाला ठिगळ लावून पाहिलं. तंतोतंत. आमच्याच वाड्यातले दोघे फ्लेक्स सोडवायला खांबावर चढले. फ्लेक्स लावताना यातलं कुणी दिसलं नव्हतं.

मी आत्याजवळ वाकलो. “आत्या, लुगडं कुनाचं होतं गो?”

पन्नास वर्षं आत्याने आम्हाला सगळं सांगितलं होतं. खेकडा केवढा, नायिका किंचाळली कशी, वडापाव कसा लागला. लुगड्याचा विषय मात्र तिने कधी काढला नव्हता.

“धोंडीला इचार,” एवढंच म्हणाली, आणि डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

धोंडीबाई मागे जैतूच्या मोटारसायकलवर बसून होती. ती उतरली. लोकांनी वाट दिली. तिने माईक हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि माझ्याकडे परत दिला. तिला गरज नव्हती.

“लुगडं माझं,” ती म्हणाली. “पाठ सोनूची.”

जैतू म्हणाला, “आजे, तूच तर सांगायचीस ना!”

“मंग काय सांगू? शूटिंग हाय म्हनून ही येडी विहारात नेसायचं पांढरं नेसून आली. चिखलात! क्यामेरावाला बोलला, पांढरं नको, चमकतं. तवा बांधाआड आमी लुगडी बदलली. मी हिचं नेसून बांधावर बसले. सिनेमात लुगडं वळखलं, तर घरी काय सांगनार, बौद्धवाड्यातल्या पोरीच्या अंगाला दिलं? सासूनी लुगड्यासकट मला घराभायेर काढली असती. म्हनून बोलले, पाठ माझीच.”

आत्या पदराआडून म्हणाली, “म्हनून मी लुगड्याचं नाव नाय काढलं. हिचा संसार मोडला असता.”

खांबावरच्या दोघांनी सोडलेली दोरी पुन्हा धरली.

“बरं, लुगडं परत मिळाल्यावर धुतलंस तरी का?” कुणीतरी विचारलं.

“नाय धुतलं. सासूच्याच गोधडीत शिवलं,” धोंडीबाई म्हणाली. “मरेस्तोवर तिच्याखाली झोपली. लय गोड झोपली.”

आत्या हसायला लागली ती थांबेना. धोंडीबाईने तिच्या पाठीवर धपाटा घातला. “गप गो. कलाकार झालीस ना?”

खांबावरचे दोघे फ्लेक्स परत बांधून उतरले. शाल एकच आणली होती. मी माईकवरून म्हणालो, “ज्येष्ठ कलाकार सोनूबाई आणि वेशभूषाकार धोंडीबाई.” दोघींनी ती एका वेळी पांघरली आणि टाळ्या घ्यायला आपण होऊन पाठ केली.

श्रेयनामावलीत दोघींचं नाव नाही. म्हणून मंडळाच्या वतीने संबंधित विभागास अर्ज केला आहे :

‘सबब विनंती की, सदर प्रसंगात कॅमेरा पूर्वलक्षी प्रभावाने समोरच्या बांधावर हलवण्यात यावा, जेणेकरून पाठीचा चेहरा तसेच पांढऱ्या लुगड्यात बांधावर बसलेल्या सहकलाकार एकाच चौकटीत दिसतील. बांध दाखवण्यास मंडळाचा सचिव स्वखर्चाने हजर राहील. खेकड्याची व्यवस्था मंडळ करेल. कळावे.’