हौशाची झूल

मित्रांनो, मी तळहाताएवढा जुना पंखा आहे. पालीच्या दूध संस्थेतील संगणकाच्या डब्यात, पाठीमागच्या जाळीशी मला बसवले आहे. पुढच्या जाळीतून गार हवा आत येते, यंत्रांची धग घेते आणि मी तिला मागून बाहेर लोटतो. या कामात क्षणाची उसंत नाही.

नवा होतो तेव्हा माझा आवाजही ऐकू येत नसे. संगणकावर काम करणाऱ्या जगदेवीबाई मऊ ब्रशने माझी पाती पुसत आणि माझे कौतुक करत. पुढे दुष्काळ पडला. बिंदुसरा धरणाचा तळ उघडा पडला, संस्थेने जनावरांची छावणी उघडली आणि खिडकीतून दिवसभर धूळ येऊ लागली. मला पुसायला कुणाला सवड उरली नाही.

त्याच दिवसांत संस्थेत झाडलोट करणाऱ्या वच्छलाबाईंना आपला बैल हौशा विकावा लागला. पोळ्याला त्याच्या पाठीवर घालायची झूल त्यांना घरात बघवेना. धुळीपासून राखण होईल म्हणून त्यांनी ती संगणकाच्या डब्यावर पांघरली. लाल, आरशांची, जड झूल! दोन्ही जाळ्या झाकल्या गेल्या. मी जिवाच्या आकांताने फिरत होतो. पण बाहेर लोटलेली तापलेली हवाच पुन्हा माझ्याकडे येत होती.

एके दिवशी छावणीच्या चाऱ्याची मागणी दुपारपर्यंत पाठवायची होती. ती चुकली तर गव्हाणी रिकाम्या राहणार होत्या. संगणक सुरू होई, तापे आणि बंद पडे. सचिव मन्मथअप्पा वैतागून म्हणाले, आता यालाही छावणीतच नेऊन बांधा. जगदेवीबाईंना कारण उमगले होते. पण झूल काढायला त्यांचा हात धजेना. वच्छलाबाई समोरच बसल्या होत्या. त्यांची गायही छावणीत होती. अखेर जगदेवीबाईंनी त्यांचा हात धरून झुलीखाली, माझ्या जाळीशी नेला.

“मावशी, ह्यो याचा श्वास हाय.”

वच्छलाबाईंच्या तळहाताला कोंडलेली, तापलेली हवा लागली.

“हौशाच्या नाकावर म्या कदी झूल येऊ दिली न्हाई,” त्या म्हणाल्या. “आदी कावून न्हाई सांगितलंस? काढ, बाई.”

झूल निघाली, माझी पाती पुसली गेली आणि मागणी वेळेत पोचली. चारा आला.

अजूनही धूळ दिसली की माझा जीव घाबरा होतो. संध्याकाळी संगणक बंद झाला की वच्छलाबाई झूल घेऊन येतात. पण आधी माझ्या जाळीशी तळहात धरतात. वारा पुरता थांबला की मगच ती पांघरतात. मित्रांनो, कुणावरही मायेने पांघरूण घालण्याआधी तुम्हीही एवढा हात धरून पाहा.