न चाखलेला रस्सा

कॉर्क शहरात पोरं बारा वर्षांची झाली की बिशपसमोर रांगेनं उभी राहतात आणि अठरावं संपेपर्यंत दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतात. बहुतेकांची शपथ पंधराव्या-सोळाव्या वर्षी नदीकाठच्या एखाद्या भिंतीआड मोडते. टाइग लेहेनची मोडायची राहूनच गेली. अठरावं संपलं तेव्हाही त्याला प्यावंसं वाटलं नाही म्हणून त्यानं ती तशीच पुढे चालू ठेवली, मग दारूबंदीवाल्या पायोनियर मंडळींची पवित्र हृदयाची छोटी पिन कोटाला लावली, आणि बघता बघता सदुसष्ट वर्षांचा झाला. त्यात त्याला स्वतःला फार मोठं काही केल्यासारखं वाटत नसे. शब्द दिला होता, तो मागे घ्यायला कुणी आलं नाही, एवढंच.

पळवाटा मात्र त्याला मुळीच आवडत नसत. लग्नाच्या जेवणात शेरी घातलेलं पुडिंग आलं की तो बशी हळूच शेजाऱ्याकडे सरकवायचा. शिजवताना दारू उडून जाते, असं त्याला फादर कीलींनीही समजावून सांगितलं होतं. टाइगनं मान डोलावली आणि पुडिंग काही खाल्लं नाही.

बायको नोरीन गेली त्याला सहा वर्षं झाली होती. तो एकटा ब्लार्नी स्ट्रीटच्या चढावरच्या घरात राहायचा, बस चालवण्याच्या नोकरीतून मोकळा झाला होता, आणि दर गुरुवारी चर्चच्या पॅरिशच्या हॉलमध्ये पत्ते खेळायला जायचा. तिथंच हॅना कॉटर त्याची जोडीदारीण झाली. हॅना विधवा, बासष्टीची, जिभेनं तिखट, पत्त्यांत पक्की. टाइगनं चुकीचं पान टाकलं की ती सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं विचारायची की बससुद्धा तू असाच बघून चालवत होतास का. टाइगला ते ऐकायला इतकं आवडायचं की कधी कधी तो मुद्दाम चुकायचा.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवसांचे उपास सुरू व्हायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं तिला लग्नाचं विचारलं. हॅनानं हसण्यावारी नेलं नाही. तिनं त्याच्या कोटावरच्या पिनेकडे बोट केलं.

"माझे वडीलही हीच लावायचे," ती म्हणाली. "चांगला माणूस. कधी आवाज चढवला नाही. आणि माझी आई आठवड्यातून एकदा तिचा एक ग्लास स्टाउट, ती काळी बिअर, कोळशाच्या खोलीत उभी राहून प्यायची. अंधारात. मी दाराशी पहारा द्यायचे. टाइग, मला रोज जेवणाआधी एक ग्लास लागतो, आणि मी तो कोळशाच्या खोलीत पिणार नाही."

"मी काही म्हणणार नाही," टाइग म्हणाला.

"तेही काही म्हणायचे नाहीत. नुसते बघायचे."

उपासाचे दिवस लागले, हॅनानं दरवर्षीप्रमाणे ईस्टरपर्यंत स्टाउट सोडली, आणि दोघं गुरुवारी पूर्वीसारखेच पत्ते खेळत राहिले. पण टाइगच्या डोक्यातून ते जाईना. शपथ मोडायची तर त्याला स्वतःचं तोंड आरशात बघवलं नसतं. आणि हॅनाशिवाय म्हातारपण काढायचं म्हटलं की घर खायला उठायचं. दोन्हीतलं काही सोडवेना. जे सांगून पटत नाही ते करून दाखवावं, असं शेवटी त्यानं ठरवलं. हॅना एकदा डाव वाटता वाटता म्हणाली होती की तिच्या आईच्या बहिणीकडे ईस्टरला खारवलेलं बीफ स्टाउटमध्ये मंद शिजवलेलं असायचं, काटा लावला की सुटायचं, आणि तिच्या वडिलांच्या घरात ते कधीच झालं नाही. टाइगनं तिला ईस्टरच्या रविवारी जेवायला बोलावलं. काय करणार ते सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी तो बाजारात जाऊन खारवलेला छातीचा तुकडा घेऊन आला, वर बोटभर चरबीचा थर असलेला. खाटकानं विचारलं, याचं काय करायचं ते माहीत आहे ना? टाइग म्हणाला, तीस वर्षं घरात बघितलंय. बघितलं होतं हे खरं, पण वर्तमानपत्राच्या आडून. त्यात नोरीन हे मांस रात्रभर पाण्यात भिजत घालायची, आणि त्या वेळी टाइग रात्रीच्या शेवटच्या बसवर असायचा. तेव्हा भिजवणं नावाचं काही असतं हे त्याच्या गावीही नव्हतं.

मग दारूचं दुकान. टाइग त्या दुकानावरून आयुष्यभर बस नेत आला होता, आत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. कपाटात इतक्या बाटल्या बघून तो गांगरला. डब्लिनची हवी का आपली, असं दुकानातल्या पोरीनं विचारल्यावर मात्र त्याच्यातला कॉर्ककर जागा झाला आणि तो ठसक्यात म्हणाला की आपली म्हणजे आपलीच. चार बाटल्या कागदी पिशवीत घालून तो बाहेर पडला, तो समोर फिलोमिना क्रेमिन. फिलोमिना म्हणजे पॅरिशच्या पायोनियर मंडळाची चिटणीस. तिनं टाइगकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं, पिशवीतून वर आलेल्या बाटल्यांच्या चार मानांकडे बघितलं, आणि ईस्टरच्या शुभेच्छा देऊन पुढे निघून गेली. टाइगला वाटलं, बरं झालं, काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

रविवारी चर्चमधली पहाटेची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, आटोपून तो घरी आला आणि बाह्या सरसावून कामाला लागला. लोण्यात कांदे लालसर परतले, जाड बुडाच्या भांड्यात मांस ठेवलं, भोवती गाजरं, दोन तमालपत्रं, चमचाभर मोहरीची चटणी, मूठभर तपकिरी साखर. मग दोन बाटल्या ओतल्या. काळ्या स्टाउटचा फेस भांड्यात वर आला आणि खाली बसला. झाकण लावून भांडं मंद ओव्हनमध्ये गेलं. नोरीन प्रत्येक भांड्यात चिमूटभर मीठ टाकायची हे एवढं त्याला पक्कं आठवत होतं, म्हणून त्यानं तेही टाकलं.

दुपारपर्यंत घरभर असा वास सुटला की टाइग स्वतःवरच खूश झाला. त्यानं मध्येच झाकण उघडून काटा टोचला. मांस लोण्यासारखं मऊ. रस्सा आटून दाट, चकचकीत, काळसर तपकिरी झालेला. चमचा त्यानं हातात घेतला आणि खाली ठेवला. चाखायचं कसं? चाखलं तर शपथ गेली. डोळ्यांना बरा दिसतोय म्हणजे बराच असणार, असं मनाशी म्हणून त्यानं झाकण परत लावलं.

हॅना तासभर लवकर आली. दार उघडंच होतं. ती आत आली, पण कोट काढला नाही, बसली नाही.

दहाच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर तिला तिघींनी गाठलं होतं. टाइग लेहेन म्हणे या वयात बाटलीला लागला, आणि कुणामुळे लागला तेही त्यांना माहीत होतं. बोलता बोलता चार बाटल्यांची पेटी झाली होती. मोरीशेजारी दोन रिकाम्या बाटल्या उभ्या होत्याच, त्यांच्याकडे बघून हॅना म्हणाली,

"हे काय केलंस तू?"

"तुझ्यासाठी—"

"तेच," ती म्हणाली. "माझ्यासाठी. मी तुला सोड म्हणाले होते? सगळ्या आयुष्याची शपथ माझ्यासाठी मोडायची आणि ते ओझं माझ्या डोक्यावर ठेवून द्यायचं. उद्या भांडलो की काढशील. काढणार नाहीस, पण मला दिसेल ते रोज. नको मला असलं लग्न."

थेंब ओठाला लावला नाही, टाइग म्हणाला. बाटल्या भांड्यात गेल्या, मावशीकडच्यासारखं मांस केलंय, तिच्यासाठी. हॅनाचा विश्वास बसेना. बाटल्या रिकाम्या समोर, आणि घरात एकटा माणूस. तिनं ओव्हन उघडलं, झाकण काढलं, आणि भांड्यात खरंच ते होतं. तिनं चमचा बुडवून रस्सा त्याच्या तोंडाशी नेला.

"चाख."

टाइगनं मान वळवली. "नाही, हॅना."

"अरे, एक थेंब. स्वतः शिजवलेलं चाखायचं नाही?"

"नाही. तू चाख."

तिनं फुंकर घालून तो चमचा स्वतःच्या तोंडात घातला. तिचे डोळे मिटले, गाल आत गेले, आणि ती तशीच नळाकडे धावली. एक ग्लास पाणी प्याली, दुसरा प्याली. ईस्टरच्या दिवशी बाईला बोलावून विष घातलं की काय असं त्याला वाटलं.

"भिजवलं होतंस रात्री?" तिनं विचारलं.

"कुणाला?"

हॅना मोरीचा कठडा धरून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं कोटाच्या बाहीनं पुसलं, आणि पुन्हा हसायला लागली.

"आख्खा समुद्र शिजवलायस तू," ती म्हणाली. "टाइग लेहेन, तू खरंच थेंब चाखलेला नाहीस. चाखलं असतंस तर हे भांडं केव्हाच खिडकीतून बाहेर गेलं असतं. फिलोमिनाला बोलवून एक चमचा पाजला पाहिजे."

आता तिनं कोट काढला. नोरीनचा जुना एप्रन दारामागे लटकत होता, तो न विचारता बांधला आणि टाइगला बटाटे सोलायला बसवलं, मिठाला हात लावशील तर बघ अशी तंबी देऊन. मांस बाहेर काढून तिनं किटलीतल्या उकळत्या पाण्यानं दोनदा धुतलं. रस्सा तीन हिस्से फेकून दिला. उरलेल्यात गरम पाणी आणि तिसऱ्या बाटलीतली थोडी स्टाउट घातली, वर साखर, आणि मांस परत त्यात ठेवून तासभर सोडून दिलं. मीठ न घालता बटाटे कुस्करले, बिनमिठाचा कोबी लोण्यात परतला. चाखायचं काम तिचं, ढवळायचं त्याचं. तीनदा चमचा तिच्या तोंडाकडे नेऊन टाइग काळजीनं तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि तिसऱ्यांदा तिनं मान डोलावली तेव्हा त्याला एवढं बरं वाटलं की काय सांगावं.

टेबलावर वाढताना हॅनाला चुलीवर एक लहानसं पातेलं दिसलं. आत दोन अंडी उकडून पडली होती.

"ही कुणाला?"

"मला," टाइग म्हणाला. "अंडी आणि बटाटा. मला पुष्कळ होतं."

पहाटेपासून हा माणूस ज्या भांड्याशी झटत होता त्यातला एक घासही तो खाणार नव्हता, आणि ते त्यानं पहिल्यापासून धरून चाललेलं होतं. तिनं त्याच्या ताटात बटाटे जरा जास्तच वाढले, अंडी स्वतः सोलून दिली. मग स्वतःचं मांस कापलं. काटा लावला आणि ते सुटलं, धाग्याधाग्यानं. खारट लागत होतं अजून थोडं, पण बटाट्याबरोबर चाललं. तिनं दोनदा घेतलं.

मग तिसऱ्या बाटलीत उरलेली स्टाउट तिनं ग्लासात ओतून समोर ठेवली. चाळीस दिवसांनंतरचा पहिला घोट घेतला, आणि टाइग काय करतो ते बघितलं. टाइग खिडकीतून बाहेर समोरच्या भिंतीकडे बघत होता, मोठ्या एकाग्रतेनं.

"वास सहन होत नाही का?"

"तीस वर्षं शनिवारची शेवटची बस चालवलीय मी, पिऊन आलेल्यांनी भरलेली. वासाचं काय घेऊन बसलीस."

"मग भिंतीकडे काय बघतोयस?"

"तू म्हणाली होतीस ना, वडील नुसते बघायचे."

हॅनानं ग्लास खाली ठेवला. "अरे, बघ की इकडे. माझ्याकडे बघ. जेवताना माणूस माणसाकडेच बघतो."

टाइगनं बघितलं. ओठांवर थोडा फेस, गाल ओव्हनच्या उष्णतेनं लाल, आणि नोरीनचा एप्रन तिला जरा आखूडच होत होता. आता पुन्हा विचारावं की थांबावं हे त्याला कळेना, म्हणून त्यानं सरळच विचारलं, पुन्हा विचारू का म्हणून.

"काही गरज नाही," हॅना म्हणाली. "येते मी या घरात राहायला. लग्न जूनमध्ये करू, तोवर लोकांचं बोलून होईल. पण घरात मांस मी शिजवणार, चाखणार मीच. तू बटाटे सोल."

तिचा ग्लास भरायला टाइग उठला आणि चौथी बाटली घेऊन आला. सकाळच्या दोन सोडल्या तर जन्मात त्यानं बाटली उघडलेली नव्हती. आणता आणता ती चांगली हलली होती, झाकण निघालं तसा फेस भसकन वर आला आणि ईस्टरच्या पांढऱ्याशुभ्र मेजपोशावरून, ब्रेडवरून, त्याच्या बाहीवरून खाली वाहिला. समोरचं दार सताड उघडं, रस्त्यावरून संध्याकाळच्या मिस्सेहून परतणारी माणसं चढ चढत होती. टाइग घाईनं फडकं शोधायला लागला. हॅनानं त्याचा ओला हात धरून त्याला खाली बसवलं.

"राहू दे रे," ती म्हणाली. "कुणापासून लपवायचंय?"